ताल आधी पायांत: चालून, थांबून, वळून मात्रा शिकवण्याची रीत

गाण्याच्या क्लासमधलं हे दृश्य बहुतेक शिक्षकांच्या ओळखीचं आहे. मुलगी हातावर त्रिताल (सोळा मात्रांचा ताल; मात्रा म्हणजे ताल मोजायचं माप) बिनचूक म्हणते. टाळी कुठे, खाली (टाळी न देता हात उघडायचा तो भाग) कुठे, सगळं पाठ. पण बंदिश सुरू झाली की सम, म्हणजे तालाच्या फेऱ्याची (आवर्तनाची) पहिली मात्रा, कुठे आली हे कळायला तिला तबलजीच्या चेहऱ्याकडे बघावं लागतं. दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत, म्हणायला सांगा, पहिल्या चार मात्रा नीट जातात आणि मग गाडी उताराला लागते.

याचं कारण असं की तिने मात्रा ठोक्यांसारख्या मोजल्या आहेत. दोन ठोक्यांमधलं अंतर तिच्या अंगाला माहीत नाही. टाळी हे क्षणाचं काम आहे, तळवे भेटले की संपलं. चालताना तसं होत नाही. एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर जाईपर्यंत शरीर सतत सरकत असतं, म्हणजे मात्राभर काहीतरी चालूच असतं. खाली दिलेली सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

हे पद्धतशीर मांडलं एमिल जाक-डालक्रोझ यांनी (१८६५–१९५०). १८९२पासून ते जिनिव्हाच्या संगीतविद्यालयात हार्मनी शिकवत होते. विद्यार्थी कागदावर स्वरसंगती अचूक लिहीत, पण लिहिलेलं त्यांच्या कानात वाजत नसे. वाजवताना लय सोडणारी मुलं रस्त्याने मात्र छान लयीत चालत. त्यातून ‘युरिदमिक्स’ ही पद्धत आली. पुढे जर्मनीत ड्रेस्डेनजवळ हेलराऊ इथे तिची शाळा निघाली आणि १९१५ साली जिनिव्हात संस्था झाली, ती आजही चालू आहे. रुडॉल्फ स्टायनर यांची ‘युरिथमी’ ही वेगळी गोष्ट, नावाच्या सारखेपणामुळे गल्लत होते. डालक्रोझ यांचे व्यायाम पियानोवर आणि युरोपीय मात्राबांधणीवर बेतलेले आहेत. ते जसेच्या तसे उचलून आपल्या तालांना लावले तर खालीचं काय करायचं, हा प्रश्न लगेच अडतो. इथे दिलेली मांडणी त्यांच्या तत्त्वावर, पण आपल्या ठेक्यांसाठी (तालाच्या ठरलेल्या तबल्याच्या बोलांसाठी) आहे. वय साधारण सहा ते दहा.

जागा आणि सामान

बारा मुलांना निदान २० फूट × १५ फूट मोकळी जागा हवी. दप्तरं, चपला, पेट्या खोलीबाहेर. मुलं अनवाणी असावीत. मोजे घालून नको, गुळगुळीत फरशीवर वळताना पाय घसरतो आणि मूल पडण्याच्या भीतीने पाऊल आखडतं.

वाद्य असं निवडा की वाजवताना तुमची नजर मुलांच्या पायांवर राहील. डफ किंवा खंजिरी उत्तम. तबला वाजवणारं दुसरं कुणी असेल तर सोन्याहून पिवळं. मोबाइलवरचा तबला आणि मेट्रोनोम पहिले चार आठवडे बाजूला ठेवा. यंत्र मुलाच्या चालीशी जुळवून घेत नाही आणि सुरुवातीला नेमकं तेच करायचं असतं. बाकी सामान किरकोळ: खडू, मुलागणिक एक हलकी ओढणी, टेनिसचे सहा चेंडू.

पहिला तास: तुम्ही मुलांच्या मागे जा

एका मुलाला खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेहमीसारखं चालायला सांगा. त्याचं पाऊल पडेल तिथे तुमचा ठोका. मग दुसरं मूल, तिसरं. प्रत्येकाची लय वेगळी निघते आणि मुलांनाही ती ऐकू येते. मोठ्या माणसाच्या नेहमीच्या चालीत मिनिटाला १०० ते १२० पावलं पडतात, लहान मुलांची त्याहून भरभर पडतात. त्यामुळे ‘बरोबरीची’ लय म्हणून ६० किंवा ७० धरली तर सगळी मुलं डगमगणार. सुरुवात ११०–१२० वर करा.

आता सगळी मिळून. तुम्ही वाजवाल तोवर चालायचं, आवाज थांबला की आहे तिथे थांबायचं. एवढंच दहा मिनिटं करा. लय बदलली तर ती निदान आठ मात्रा टिकवा. ऐकून पाऊल टाकणारं मूल आधी केसभर मागे असतं आणि पाच-सहा ठोके गेल्यावर पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज बांधू लागतं. तो अंदाज म्हणजेच लय. दर चार मात्रांनी वेग बदलला तर मुलं फक्त पाठलाग करत राहतात.

इथे चार चुका हमखास होतात. पहिली: मुलं गोल धरून एकामागे एक फिरू लागतात आणि पुढच्याचे पाय बघून चालतात. कान बंद, डोळे चालू. ‘जिथे जागा रिकामी दिसेल तिकडे जा’ एवढं सांगितलं की गोल मोडतो. दुसरी: पाय आपटणं. आपटलेल्या पायात वजन तिथेच संपतं, पुन्हा उचलायला वेळ जातो आणि पुढचं पाऊल उशिरा पडतं. ‘आवाज माझा, पाय मांजरीचे’ अशी अट घाला. तिसरी चूक शिक्षकाची. वाजवता वाजवता तोंडाने एक-दोन-तीन-चार म्हणणं. आकडे ऐकू आले की मुलं वाद्य ऐकायचं सोडून देतात. चौथीही शिक्षकाचीच: थांबण्याआधी हात हळू करणं किंवा मान हलवून इशारा देणं. मुलं तेवढं बरोबर टिपतात आणि व्यायाम फुकट जातो.

बरोबर, दुगुन, निम्मी

दुसऱ्या-तिसऱ्या तासाला तीन चाली बांधा. चालणं म्हणजे एक मात्रा. टाचा न टेकता छोट्या पावलांनी पळणं म्हणजे दुगुन. दोन मात्रांत एक लांब पाऊल म्हणजे निम्मी लय. आता बरोबरीची लय ९६ वर आणा; दुगुन १९२ आणि निम्मी ४८ होते. पळताना मुलं वेग वाढवण्याऐवजी अंतर वाढवतात, मग भिंत येते आणि लय तुटते. पाऊल जितकं भरभर तितकं छोटं, हे त्यांना स्वतः करून कळू द्या.

खरी कसोटी निम्म्या लयीची असते. पाय लवकर टेकून मूल पुढच्या मात्रेची वाट बघत उभं राहतं. म्हणजे पुन्हा ठोका मोजणं आलंच. उपाय ओढणीचा: पाऊल उचलताना ओढणी एका बाजूने वर जाईल आणि वजन पूर्ण टेकेल तेव्हा दुसऱ्या बाजूला पोचेल, अशी कमान काढायची. हात मधे थांबला की चूक मुलाला स्वतःलाच दिसते. डालक्रोझ यांच्या पद्धतीत वेळ, जागा आणि जोर या तिघांचं गणित सारखं येतं. वेळ वाढला की हालचालीला जागाही वाढवून द्यावी लागते, नाहीतर मधे भोक पडतं. विलंबित गाणाऱ्या मोठ्या माणसांचंही हेच दुखणं असतं.

उडती चाल, म्हणजे एका पायावर पाऊल आणि त्याच पायावर छोटी उडी, ही दादऱ्यासाठी राखून ठेवा. पाऊल पहिल्या मात्रेवर, उडी तिसऱ्या मात्रेवर. दुसरा पाय चौथीवर, त्याची उडी सहावीवर. लांब-आखूड, लांब-आखूड. ठेका यासाठी बराच द्रुत लागतो: मिनिटाला शंभर उड्या म्हणजे तीनशे मात्रा. डफावर फक्त पाऊल आणि उडीच वाजवा, पुरतं. ठाय (संथ) दादऱ्यात उडी मारायला लावली तर मुलं हवेत अडकत नाहीत, खाली येतात. आणि ताल मोडतो.

‘हं!’ म्हटलं की बदल

डालक्रोझ वर्गात शिक्षक ‘हॉप’ असा पुकारा देतो आणि मुलांनी तत्क्षणी ठरलेला बदल करायचा असतो. आपल्याकडे ‘हं!’ पुरेसं आहे. आधी एकच बदल: दिशा. मग चालीतून दुगुनमध्ये, दुगुनमधून थांबण्यात. पुकारा मात्रेच्या जरा आधी द्यायचा, म्हणजे बदल मात्रेवरच पडतो. पुकारा मात्रेवर दिला तर मुलं पुढच्या मात्रेवर बदलतात आणि तुम्हाला वाटतं, ती मंद आहेत.

सात-आठ वर्षांच्या मुलांना ‘ऐका आणि मग करा’ जमतं. तुम्ही चार मात्रांचा तुकडा वाजवा: ता, ता, तिट (एका मात्रेत दोन ठोके), ता. पुढच्या चार मात्रा तुम्ही गप्प, मुलं तोच तुकडा पायांनी चालून दाखवतात. मग ता, (रिकामी), तिट, ता. रिकाम्या मात्रेत पाय नुसता धरून ठेवायचा नाही, वजन हळूहळू पुढे न्यायचं. हे पक्कं झालं की नऊ-दहा वर्षांच्यांसाठी अवघड रूप: तुम्ही थांबतच नाही. मुलं मागचा तुकडा चालत असताना कानाने पुढचा ऐकून ठेवतात. तिथे चार-पाच तुकड्यांच्या पुढे जाऊ नका, डोकं शिणतं.

तालाचा नकाशा जमिनीवर

सगळ्यात फळ देणारा भाग हा आहे, याला भरपूर वेळ द्या. बहुतेक तालांच्या विभागांचा आकार खडूने जमिनीवर काढता येतो.

त्रिताल ४-४-४-४, म्हणजे चौकोन. सात-आठ वर्षांच्या मुलाचं बेताचं पाऊल ४५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. चार पावलांची बाजू १.८० मीटर, ढोबळ सहा फूट. झपताल २-३-२-३, म्हणजे आयत: आखूड बाजू ९० सेंटिमीटर, लांब बाजू १.३५ मीटर. समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्याने तो आपोआप जुळतो. रूपक ३-२-२ म्हणजे त्रिकोण, एकतालाच्या दोन-दोनच्या सहा बाजूंचा षट्कोन. दादरा आणि केरवा यांना आकार नाही: सरळ रेषेवर पुढे जायचं आणि खालीच्या विभागात उलट पावली मागे यायचं.

एक बारकावा आधीच समजून घ्या. पहिल्या मात्रेचं पाऊल कोपऱ्यावर पडतं. मग पुढच्या कोपऱ्यावर चौथी मात्रा येते की पाचवी? पाचवी. मुलं (आणि काही शिक्षकही) चौथी मात्रा कोपऱ्यावर बसवायला जातात, मग बाजू तीनच पावलांची होते आणि पाचवीला जागच्या जागी पाय आपटावा लागतो. हीच चूक मोठ्या प्रमाणावर समेची असते. सोळाव्या मात्रेवर ‘संपलं’ म्हणून मूल थांबतं. सम म्हणजे पुढच्या आवर्तनाची पहिली मात्रा, तिच्यापर्यंत चालत जायचं असतं. सुरुवातीच्या कोपऱ्यावर फुली काढा. भातखंडे लिपीत समेची खूण फुलीच असते, पुढे वही लिहिताना उपयोगी पडेल. ‘फुलीवर पाय पडल्याशिवाय आवर्तन संपत नाही’ एवढा एकच नियम ठेवा.

बारा मुलांत दोन चौकोनांवर चार-चार जण चालतात, उरलेले चौघे भिंतीपाशी बसून ठेका म्हणतात आणि हातावर टाळी-खाली देतात. दर तीन आवर्तनांनी पाळी बदला. चांगलं जमलं की एका चौकोनावर चौघांना एकाच फुलीवरून, एक-एक विभाग मागे ठेवून सोडा, ही साखळी. पहिला दुसऱ्या कोपऱ्यावर पोचला की दुसरा निघतो. प्रत्येकाची सम वेगळी आणि ठेका मात्र एकच. गोंधळ होणार, होऊ द्या.

खालीचा विभाग चवड्यांवर, हलका चालायचा. हात उघडे. खाली म्हणजे विश्रांती नव्हे, चाल तशीच राहते, फक्त भार निघतो. तबल्यातही तेच होतं: डग्ग्याची (डाव्या हाताने वाजणाऱ्या भागाची) घुमक जाते, ‘धिन’चा ‘तिन’ होतो. म्हणून ‘डग्गा गेला की चवड्यांवर’ हा खेळ लावण्याचा मोह होतो. तो त्रितालावर लावू नका. ‘धा तिन तिन ता’ मध्ये खालीच्या नवव्या मात्रेवर डग्ग्यासह ‘धा’ आहे, तो दहावीपासून जातो आणि चौदावीला परत येतो. कान शाबूत असलेलं मूल नेमकं दहावीवर चवड्यांवर जाईल आणि तुम्ही त्याला चुकलास म्हणाल. केरव्यातही ‘ना क धि ना’ मधला ‘धि’ सातवीलाच डग्गा परत आणतो. हा खेळ झपतालावर खेळा: धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना. सहावीला डग्गा जातो, आठवीला येतो, आयताची तिसरी बाजू बरोबर तेवढीच. झपताल ‘पुढच्या इयत्तेचा’ मानण्याची पद्धत आहे; खाली ऐकायला शिकवण्यासाठी मात्र तो त्रितालाच्या आधी घेतलेला बरा.

पायांचा हिशेबही बघून ठेवा. झपतालात उजव्याने सुरुवात केली तर सम दर वेळी उजव्यावरच येते, पण सहावी मात्रा डाव्यावर. रूपकात मात्रा सात, त्यामुळे सम एका आवर्तनात उजव्यावर तर पुढच्यात डाव्यावर. ‘उजवा पाय म्हणजे सम’ असं मनाशी ठरवलेली मुलं इथे उघडी पडतात. शिवाय रूपकाची सम खालीची, म्हणजे फुलीवरचंच पाऊल हलकं. म्हणून रूपक सगळ्यात शेवटी.

चेंडू आणि मुखडा

समेवर चेंडू जमिनीवर आदळला पाहिजे. मुलं समेवर चेंडू सोडतात, मग तो उशिरा आदळतो. कमरेच्या उंचीवरून सोडलेल्या चेंडूला खाली पोचायला सुमारे ०.४ सेकंद लागतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, तेव्हा हात सोळाव्या मात्रेवर, किंचित उशिराच सुटायला हवा. हे समजावून सांगू नका, आदळण्याचा आवाज आणि ठेक्याची सम जुळेपर्यंत करू द्या. जुळलं की मुखड्याची (समेवर येणाऱ्या बंदिशीच्या सुरुवातीच्या तुकड्याची) गोष्ट सांगायला फारसं काही उरत नाही: त्रितालातल्या कितीतरी छोट्या ख्यालांचा मुखडा नवव्या मात्रेवरून उठतो, तो याच कारणाने. समेवर पोचायचं तर आधी निघावं लागतं.

आपल्याकडचं जुनं भांडवल

लेझीम, टिपरी, फुगडी, वारीतली पावली, यांत हे सगळं कधीपासून आहे. पावलीत टाळ हातात, अभंग तोंडी आणि पाय मृदंगाबरोबर पुढे-मागे. मुलांना ती येत असेल तर आठ मात्रांच्या भजनी ठेक्यासाठी वेगळा व्यायाम शोधत बसू नका. लेझीम मात्र जपून. तिच्या चकत्यांचा नाद ठोक्यानंतरही रेंगाळतो, वीस लेझमी एकत्र वाजल्या की मुलांना एकमेकांशिवाय काही ऐकू येत नाही. आधी रिकाम्या हातांनी, मग एका रांगेच्या हातात लेझीम. फुगडी लय वाढवण्याच्या व्यायामाला झकास, फक्त फरशी कोरडी हवी.

कथकच्या तत्काराची (तालात पाय वाजवण्याची) इथे सरमिसळ करू नका. त्रितालाच्या तत्कारात पाय उजवा-डावा-उजवा-डावा, मग डावा-उजवा-डावा-उजवा असे पडतात. चौथी आणि पाचवी लागोपाठ डाव्याच पायावर. तिथे पाय हेच वाद्य आहे. इथे पायाने ऐकायचं आहे.

तास कसा मांडावा

चाळीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं चाल आणि थांबा, दहा मिनिटं बरोबर-दुगुन-निम्मी किंवा ‘हं!’, पंधरा मिनिटं जमिनीवरचा ताल, उरलेली दहा बसून. ती दहा मिनिटं कधीही कापू नका, कारण पायातलं गळ्यात उतरतं ते तिथे. उतरवण्याचा क्रम असा: एक आवर्तन पूर्ण चालून; पुढचं जागच्या जागी, फक्त वजन या पायावरून त्या पायावर; पुढचं बसून, हातावर टाळी-खाली; पुढचं फक्त अंगठ्याने बोटांच्या पेरांवर; त्यानंतरचं काहीही न हलवता. आणि लगेच बंदिशीची ओळ. ही उतरंड केली नाही तर दोन महिन्यांनी तक्रार येते की मुलं गाताना स्वस्थ बसत नाहीत.

चालू न शकणाऱ्या मुलासाठी व्हीलचेअरचा एक ढकला म्हणजे एक विभाग, मात्रा मांडीवर. खालीला चाकं नुसती फिरू द्यायची. जोर निघून गती राहण्याचा अर्थ त्याला इतरांपेक्षा लवकर कळतो.

आठवड्याला दोन तास धरले तर पहिले दोन आठवडे चाल-थांबा आणि तीन लयी, तिसरा-चौथा केरवा व झपताल, पाचवा-सहावा त्रितालाचा चौकोन, त्यानंतर चेंडू, साखळी आणि रूपक. संगीताच्या प्रारंभिक-प्रवेशिकेच्या परीक्षांत हातावर ताल देऊन ठेका म्हणायचा असतोच. त्याची तयारी सातव्या आठवड्यापासून वेगळी करा, आधी नको.

पारख करायची सोपी तऱ्हा: झपताल चालू द्या, तिसऱ्या आवर्तनाच्या समेवर वाद्य बंद करा, मुलांनी चालत राहायचं आणि पुढच्या समेवर टाळी द्यायची. दहा मात्रा पूर्ण शांतता. सगळ्यांची टाळी एक झाली तर पुढच्या वेळी दोन आवर्तनं गप्प राहा. टाळी लवकर पडली तर त्या मुलांना निम्म्या लयीचे व्यायाम वाढवून द्या. घाई जवळजवळ नेहमी तिथूनच येते. उशिरा पडली तर ती शेजाऱ्याची टाळी ऐकून दिलेली असते. त्यांना पुढच्या वेळी भिंतीकडे तोंड करून, जागच्या जागी वजन हलवत उभं करा आणि टाळीऐवजी समेवर फक्त हात वर करायला सांगा.